तापाचे पाठभेद

‘पाठ’ या शब्दाला मराठीत निदान तीन अर्थ आहेत. विद्यार्थी धडा घोकून मुखोद्गत करतो, तो एक पाठ. जुन्या पोथीतली ओवी एका प्रतीत एका तऱ्हेने आणि दुसऱ्या प्रतीत थोड्या निराळ्या तऱ्हेने आढळते. तिथे पंडित मंडळी पाठ आणि पाठभेद हे शब्द वापरतात, तो दुसरा. आणि ओझ्याखाली वाकते ती शरीराची पाठ, ती तिसरी. या तिन्हींची गाठ एका तापात पडलेली आहे. तो ताप एकदा मराठवाड्याच्या उंबरठ्यापर्यंत आला आणि दुसऱ्यांदा थेट घरात शिरला. त्याची हकीकत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

लातूर आणि नांदेड ही दोन गावे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी साऱ्या महाराष्ट्रात गाजत आहेत. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, लातूरला २००२ पासून. पण त्या महाविद्यालयांच्या दारापर्यंत पोचण्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेली हजारो मुले भाड्याच्या खोल्यांतून पाठांतर करीत असतात. त्या पाठांतरात विषाणूंचे एक कोष्टक असते: कोणाच्या पोटात डीएनए, कोणाच्या पोटात आरएनए, कोणाचा धागा एकेरी, कोणाचा दुहेरी, कोणते कुळ, कोणती लस. मुलांना हे कोष्टक परदेशातून आल्यासारखे वाटते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मराठी शिकवणारा आणि कादंबऱ्या लिहिणारा मास्तर; या शास्त्रात माझा अधिकार तो काय? तथापि, वाचता वाचता मला असे दिसून आले की या कोष्टकात नागपूर आहे, बार्शी आहे, यवत आहे आणि आमचे लातूरही आहे. ते दाखवून द्यावे एवढाच माझा हेतू.

*

विषाणू म्हणजे काय, हे कळायला माणसाला फार वेळ लागला. १८९२ साली रशियात इव्हानोव्हस्की याने तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. त्या गाळणीतून जंतू पार होत नसत. तरीही गाळलेला रस निरोगी रोपाला रोग लावी. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक याने तोच प्रयोग पुन्हा करून सांगितले की हा जंतू नव्हे, काही निराळेच आहे. पुढे १९३५ साली अमेरिकेत स्टॅन्ले याने त्याचे साखरेसारखे स्फटिक करून बाटलीत भरले! जे बाटलीत खड्यासारखे पडून राहते आणि पानावर चोळताच वाढू लागते, त्याला सजीव म्हणावे की निर्जीव?

माझ्यासारख्याला याचे उत्तर पोथीत सापडते. फडताळात बांधून ठेवलेली पोथी निर्जीवच असते. तिला नकलून घेणारा लेखक भेटला की तिच्या प्रती निघतात आणि ती गावोगाव जाते. विषाणू ही अशीच एक इवलीशी पोथी आहे. प्रथिनाचे वेष्टण हे तिचे बासन आणि आत डीएनए किंवा आरएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. तिच्याजवळ ना शाई, ना बोरू. ती आपल्या पेशीत शिरते आणि पेशीलाच लेखकू करून आपल्या हजारो प्रती काढून घेते.

विद्यार्थी जे कोष्टक पाठ करतात, ते वस्तुतः या पोथ्यांच्या लिपीचे कोष्टक आहे. १९७१ साली डेव्हिड बाल्टिमोर याने विषाणूंची जी वर्गवारी केली, तिच्या मुळाशी प्रश्न एकच: पेशीला वाचता येईल असा निरोप हा विषाणू कोणत्या वाटेने तयार करतो? काहींचा आरएनए सरळ अक्षरांत असतो. पेशी तो आल्या आल्या वाचू लागते. काहींचा रबरी शिक्क्यावरच्या अक्षरांसारखा उलटा असतो. त्याचा आधी ठसा उमटवावा लागतो, मग तो वाचता येतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचा विषाणू या दुसऱ्या जातीचा. काही विषाणूंचा मजकूर डीएनएत असतो, आणि तो नकलताना चुका तपासून दुरुस्त करण्याची सोयही बहुधा असते. आरएनएच्या बहुतेक पोथ्यांना असा तपासनीस नाही. फळ्यावरचा उतारा चाळीस मुलांना उतरवून घ्यायला सांगावा आणि वह्या तपासूच नयेत, मग त्या वह्यांवरून पुढच्या वर्गाने उतरवावे. चार वर्गांनंतर त्या उताऱ्याचे काय होईल, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही.

*

आपल्या लोकांना सर्वांत जुना परिचय होता तो देवीचा. तिचे नाव घेणेही अशुभ वाटे. ‘बाई आल्या’ म्हणत. अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवीत, घरात फोडणी देत नसत. देवीचा विषाणू मोठा, विटेच्या आकाराचा, दुहेरी डीएनएचा. त्याचा मजकूर सुमारे १,८६,००० अक्षरांचा, म्हणजे विषाणूंच्या मानाने चांगली जाडजूड कादंबरी. तो सावकाश बदलतो आणि त्याला माणसाखेरीज दुसरे घर नाही. या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

१७९६ मध्ये जेन्नरने गाईच्या देवीची लस टोचली. ती हिंदुस्थानात आणायची कशी, हा पेच होता. लांबच्या समुद्रप्रवासात लस वाटेतच मरे. शेवटी ती व्हिएन्नाहून बगदादकडे आणि बसऱ्याहून मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागली. तिच्या फोडातली लस काढून आणखी मुलांना टोचली, आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ही लस माणसांच्या अंगावरून चालत गेली. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवू लागले. बेळगावला त्यासाठी मोठी संस्था होती; तिथले लोक त्या जागेला अजून व्हॅक्सिन डेपोच म्हणतात. गंमत अशी की, १९३९ साली तपासणी झाली तेव्हा लशीतला विषाणू गाईच्या देवीचा नव्हताच असे आढळले! शंभराहून अधिक वर्षे हातोहात नकलल्या गेलेल्या त्या पोथीचे मूळ निराळेच होते; अलीकडच्या तपासात ते घोड्याच्या देवीशी जुळते असे दिसून आले आहे. नाव गाईचे, मजकूर दुसऱ्याचा. पण काम चोख.

‘देवीचा डॉक्टर’ गावात आला की आया मुलांना घेऊन शेतात पळत, हे आमच्या आजी सांगत. भीती खोटी नव्हती: टोचलेला दंड सुजे, ताप येई, आणि सरकारी माणूस पोराला हात लावतो म्हणजे काहीतरी काढून घेणार, हा पिढ्यांचा अनुभव. तरीही दंड पुढे झाले. १९७४ साली भारतात देवीचे १,८८,००३ रोगी नोंदले गेले आणि त्यांतले ३१,२६२ दगावले. दुसऱ्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, आसामातील करीमगंज येथे शेवटचा रोगी सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने पृथ्वीवरून देवी गेल्याचे जाहीर केले. माझ्या वडिलांच्या दंडावर देवीच्या टोचणीची मोठी गोल खूण आहे. माझ्या दंडावर ती नाही. मी जन्मलो तोवर तिची गरज संपली होती. एका रोगाचा इतिहास बापलेकांच्या दंडांमधल्या फरकात संपला.

या यशाने आपल्याला एक सवय लावली. लस निघाली की रोग गेलाच, असे आपण धरून चाललो. वस्तुतः देवी गेली, ती तिच्या पोथीच्या स्वभावामुळेही. पोथी हळू बदलणारी, घर फक्त माणसाचे, आणि रोगी चेहऱ्यावरूनच ओळखू येणारा. पोलिओचा विषाणू छोट्या आरएनएचा असूनही हटला, कारण त्यालाही माणसाबाहेर आसरा नव्हता. भारतातला त्याचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला नोंदला गेला. त्या कामात खेडोपाडीच्या शिक्षकांनी रविवारी बूथवर बसून मुलांच्या बोटांना शाई लावली आहे. त्यांत मीही होतो. पण ज्या विषाणूला माणसाबाहेर दुसरे बिऱ्हाड आहे, त्याचे काय?

*

आता बार्शीकडे वळू. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र निघाले. १९७८ पासून त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था असे झाले. या केंद्रातील मंडळी तापाची साथ ऐकली की रक्ताचे नमुने घ्यायला निघत. १९६५ साली नागपुरात मोठी साथ आली. सांधे धरणारा ताप; अंगावर पुरळ. तपासात चिकुनगुन्या सापडला. हे नाव आफ्रिकेतील मकोंदे लोकांच्या भाषेतले. १९५२ साली टांगानिकात त्यांच्यात ही साथ आली होती आणि रोगी वेदनेने वाकून चालत, म्हणून ‘वाकवून टाकणारा’ असे नाव पडले. पाठीचा तिसरा अर्थ तो हा.

नागपूरच्या त्या साथीतल्या दोन रोग्यांच्या रक्तात मात्र निराळाच विषाणू निघाला. तो जिथे सापडला त्या चांदीपुऱ्याचेच नाव त्याला मिळाले. हा रेबीजच्या कुळातला, उलट्या आरएनएचा, वाळूमाशीवाटे पसरणारा. बरीच वर्षे तो कोष्टकातले एक नाव म्हणून पडून राहिला. २००३ साली आंध्रात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ गेली, तेव्हा तपासात हेच नाव वर आले. विद्यार्थी पाठांतरात ‘चांदीपुरा’ म्हणतो तेव्हा एका मराठी वस्तीचे नाव घेत असतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. अलीकडे नव्या रोगांना गावांची नावे देऊ नयेत असा जागतिक संकेत २०१५ पासून आहे, आणि तो योग्यच आहे. कोणत्याही गावाने रोगाचे नाव का मिरवावे? पण जुनी नावे पुसली तर त्यांच्यामागचा इतिहासही पुसला जाईल.

१९७३ साली चिकुनगुन्या बार्शीला आला. बार्शी म्हणजे आमच्या शेजारचे व्यापारी गाव. लातूरची भुसार बाजारपेठ ‘बार्शी लाईट’ या छोट्या रेल्वेने तिच्याशी जोडलेली होती. पाहणी झाली तेव्हा लोकसंख्येपैकी ३७.५ टक्के लोकांना हा ताप येऊन गेल्याचे दिसले. दहा घरांपैकी एखादेच त्यातून सुटले असेल! आदल्याच वर्षी, १९७२ ला, महाराष्ट्राने मोठा दुष्काळ पाहिला होता. हा क्रम वाचकांनी मनात ठेवावा.

बार्शीनंतर हा ताप देशातून जणू नाहीसा झाला. एक पिढी वाढली, दुसरी जन्मली. डॉक्टरही त्याचे नाव विसरले.

*

२००५ च्या अखेरीस तो आंध्र आणि कर्नाटकातून पुन्हा सुरू झाला आणि २००६ मध्ये मराठवाड्यात पसरला. त्या वर्षी देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रोगी नोंदले गेले. मी तेव्हा लातूर जिल्ह्यात नुकताच शिकवू लागलो होतो. वर्गात पटाच्या निम्मी मुले. मुलांचा ताप चार दिवसांत उतरे, पण घरातल्या मोठ्यांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले. बायांना भाकरी थापता येईना, मनगटच वळेना. मजुराला खुरपे धरता येईना, आणि बुडालेल्या रोजगाराचा हिशेब कोणत्याही सरकारी आकड्यात येत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या होत्या. त्यात या तापाच्या नावात लोकांना ‘चिकन’ ऐकू आले, आणि अनेकांनी कोंबडी खाणे सोडले. मकोंदेंच्या बोलीतला शब्द मराठवाड्यात येऊन कोंबडीवर बसला!

हाच का तो बार्शीचा ताप? लक्षणे तीच, डास तोच, नाव तेच. पण पुण्याच्या संस्थेत बार्शीच्या साथीतला विषाणू जपून ठेवलेला होता. शास्त्रज्ञांनी जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचला. हा विषाणू सरळ आरएनएचा. त्याचा मजकूर सुमारे ११,८०० अक्षरांचा, म्हणजे देवीच्या कादंबरीपुढे छोटीशी गोष्ट. वाचून निघाले ते असे: १९६३ चा कलकत्त्याचा आणि १९७३ चा बार्शीचा विषाणू आशियाई शाखेचे होते; २००६ चा विषाणू आफ्रिकी शाखेचा. म्हणजे बार्शीची पोथी परत आलीच नव्हती. दुसऱ्याच घराण्यातली प्रत आफ्रिकेहून आली होती.

हे शाखा-घराणे ठरवतात कसे? एकनाथांनी पैठणला जे केले, तेच येथे चालते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलकारांच्या हातून पाठभेद शिरले होते. नाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती ताडणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी असेल, तर त्या दोघी एकाच मातृकेवरून उतरलेल्या असाव्यात. अशा सामाईक चुका जुळवत गेले की पोथ्यांची वंशावळ तयार होते. विषाणूंची वंशावळही सामाईक चुकांवरूनच लावतात. आणि ती लावताना आणखी एक प्रत हाती आली: पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत येथे २००० साली पकडलेल्या डासांतील विषाणू. तोही आफ्रिकी शाखेचाच निघाला! साथ भडकण्याच्या पाच वर्षे आधीच ही प्रत महाराष्ट्रात येऊन पोचली होती.

याच सुमारास हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर या शाखेने आणखी एक कौतुक केले. तिथल्या विषाणूच्या मजकुरात एक अक्षर बदलले आणि त्यामुळे वेष्टणातल्या एका प्रथिनात २२६ व्या जागी एका घटकाऐवजी दुसरा आला. एवढ्यानेच तो विषाणू टायगर डास नावाच्या, बागाईत आणि झाडीत राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या डासात जोमाने वाढू लागला. बेटावरचा दर तिसरा माणूस आजारी पडला. २००६ मध्ये आपल्याकडे आलेल्या विषाणूत हा बदल नव्हता. २००७ मध्ये केरळात तो दिसला. शनिवारवाड्यात १७७३ साली ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरी असो वा नसो. एका अक्षराने काय होते, हे रियुनियनला दिसले.

*

मग यावर लस का नाही? देवीच्या मानाने हा लहान विषाणू. आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. शाखा निराळ्या असल्या तरी शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना एकाच तोंडवळ्याने ओळखते. एकदा ताप येऊन गेला की बहुधा पुन्हा येत नाही. डेंग्यूचे तसे नाही. त्याचे चार प्रकार, आणि एकाचा ताप येऊन गेलेल्याला दुसऱ्याचा अधिक जड जाऊ शकतो; म्हणून त्याची लस करणे अवघड. चिकुनगुन्याच्या पहिल्या लशीला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये परवाना मिळाला. ती रियुनियनच्या विषाणूवरूनच, त्याचा थोडा मजकूर कापून दुबळा करून केलेली. पण काही वृद्धांत गंभीर दुष्परिणाम दिसले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो परवाना स्थगित झाला. शिवाय आफ्रिकेच्या रानात हा विषाणू माकडांत नांदतो. माणसे सगळी टोचून घेतली तरी पोथीची एक प्रत रानात शिल्लकच राहणार. देवीचा न्याय येथे लागू पडत नाही.

तेव्हा लक्ष द्यायला हवे ते लेखकाकडून लेखकाकडे पोथी नेणाऱ्या डासाकडे. त्याचे नाव एडिस. पायांवर पांढरे पट्टे, आणि चावतो दिवसा. त्याला गटार नको. स्वच्छ, साठवलेले पाणी हवे. मादी भांड्याच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेलगत अंडी घालते. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी महिनोन्‌महिने टिकतात, आणि पाणी भरले की उठतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आठ-दहा दिवस! टंचाईच्या काळात लातूरच्या नळाला जितक्या दिवसांनी पाणी येई, तितकेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी. ती कुर्डुवाडीवरून, बार्शीवरून आली. पूर्वीच्या बार्शी लाईटच्याच वाटेने. ज्या गावात पाणी रेल्वेने येते, तिथे घरातला प्रत्येक हंडा, रांजण, बादली, गच्चीवरची टाकी भरलेली असणारच. घरातल्या बाईला ‘पाणी साठवू नका’ असे सांगणारे भित्तिपत्रक तिची थट्टाच करते. दुष्काळ येथे माणसाची पाठ दोनदा वाकवतो: एकदा पाणी वाहताना, आणि मग साठवलेल्या पाण्यावरच्या डासाने.

म्हणून लातूर-नांदेडच्या खोल्यांतून कोष्टक पाठ करणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे. ते पाठ अवश्य करा. परीक्षा त्यावरच होणार. पण उद्या किनवटला किंवा औशाला तुमची नेमणूक होईल आणि दाराशी वाकलेली माणसे येतील, तेव्हा दोन गोष्टी करा. रक्ताचा नमुना घेऊन त्यावर गावाचे नाव आणि तारीख नीट लिहून पुण्याला पाठवा. १९७३ साली बार्शीला कोणीतरी ते केले होते, म्हणून आज ही वंशावळ वाचता आली. आणि रोग्याच्या घरी जाऊन रांजणावर झाकण आहे की नाही ते पाहा. नसेल तर फडके बांधायला सांगा, आणि आठवड्यातून एकदा आतली कड घासायला सांगा. पाणी ओतून द्या असे मात्र सांगू नका. त्या घरी ते किती दिवसांनी आले असेल, ते आधी विचारा.